झाकण काढून बघितल्याशिवाय

कुमुदताई,

दारात माणूस उभा राहून 'या, या, बसा' करत असेल तर त्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. ग्रीसमधल्या सिफनोस बेटाच्या बंदरावर आपण बोटीतून उतरलो तेव्हा बॅगा अजून हातातच होत्या, उन्हानं डोळे उघडत नव्हते आणि समोर पांढऱ्या शर्टातली माणसं मेन्यू हातात धरून हसत उभी होती. अवीला कडकडून भूक लागली होती. त्यानं त्यातल्या एकाला हसून मान डोलावलीसुद्धा. तुम्ही त्याचा दंड धरून त्याला पुढे काढलंत. "अन्न चांगलं असेल तर ह्याला बाहेर कशाला उभं राहावं लागतंय? आत काम नाहीये का त्याला?" असं म्हणालात, तेही त्या माणसाकडे बघून, गोड हसून. त्याला वाटलं तुम्ही त्याचं कौतुक करताय.

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून मागे लागलेत. नमुना म्हणून आधीच्या अंकातली एक श्रद्धांजलीही पाठवली. त्यात प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना आपलंसं करणारी असं सगळं होतं. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "कुणाबद्दल आहे हे?" म्हणून अंकासाठी नाही, तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन महिनाही झालेला नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याची, अवीची, मोठी बहीण आणि मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. इथे टेक्सासात, प्लेनोमध्ये आपली घरं दोन सिग्नलच्या अंतरावर होती आणि तेवढ्या अंतरावरून आपण इतकी वर्षं एकमेकींवर मन लावून संशय घेतला. माझा अजून फिटलेला नाही.

तुम्ही जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंत, त्यामुळे तुम्हाला निदान सबब होती. कुणी 'चालतंय' म्हटलं की ते कसं मोडेल हे बघायचं, हे तुमचं काम. पुण्यातून इकडे आलात त्या पहिल्या नोकरीपासून तेच. रिटायर झालात आणि ऑफिसातल्या प्रोग्रॅमऐवजी हॉटेलं तुमच्या तावडीत सापडली. तुमच्या इशाने बेलव्ह्यूहून तिकिटं काढली, "आई, यू डिझर्व्ह अ हॉलिडे, मामा-मामी पण येतायत," म्हणाली. त्या बिचारीला वाटलं, आपण समुद्र बघू, पांढरी घरं बघू. आपण बघितली ती हॉटेलांची मागची दारं.

तुमचे नियम मला पाठ आहेत. मेन्यूवर पदार्थांचे फोटो असतील तर पुढे चालायचं. मेन्यू सहा भाषांत असेल तर अजून पुढे. सूर्यास्त दिसणारं टेबल घ्यायचं नाही, कारण तिथे स्वयंपाक्याला मेहनत करायची गरज नसते, सूर्य करतो. म्हातारे पत्ते खेळत बसलेत का बघायचं. त्यांना चांगल्या अन्नाची पारख असते म्हणून नव्हे, तर ते रोज तिथेच येणार असल्यामुळे त्यांना वाईट खायला घालून मालकाला गावात तोंड दाखवता येणार नाही म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाच्या घरची माणसं तिथेच कोपऱ्यात जेवतायत का? ती जेवत असतील ते मागवायचं. एका हॉटेलात मालकाची मुलगी टोमॅटो-काकडीवर चीजचा जाड तुकडा ठेवलेलं सॅलड खात अभ्यास करत होती. तुम्ही वेटरला तिच्या ताटलीकडे बोट दाखवलंत. त्यानं मेन्यू पुढे केला तर तो तुम्ही मिटून बाजूला ठेवलात.

जेवण झाल्यावर तिथे छोट्या ग्लासांतून काहीतरी आणून ठेवतात, कधी कलिंगडाच्या फोडी, कधी हलव्यासारखा तुकडा. ऑन द हाउस म्हणतात. तुमच्या मनात लगेच पाल चुकचुकायची. "फुकट का देतोय? सकाळचं उरलंय की काय?" आणि मग एका रात्री तुम्ही तो छोटा ग्लास नाकाशी नेऊन एक घोट घेतलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "हे उरलेलं नाहीये." ऊझोत, म्हणजे तिथल्या बडीशेपेच्या दारूत, पाणी घातल्यावर तो दुधासारखा पांढरा होतो, तेव्हा तर तुम्ही वेटरला तीनदा ओतायला लावलंत. जादू बघायची म्हणून नव्हे, दर वेळी होतं का ते तपासायला. इशा हसून हसून खाली बसली. "आई, यू आर टेस्टिंग अल्कोहोल," म्हणाली. कॉफीच्या तळाला बसलेला गाळ बघून तुम्ही कप परत पाठवायला निघाला होतात. मी म्हटलं, ताई, ती तशीच असते. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की कॉफीवाल्याशी मी संगनमत केलंय.

खरं तर मला त्या सगळ्या दिवसांत मजा येत होती, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. पण मजेच्या खाली माझं एक जुनं दुखणं होतं आणि ते त्या बेटावर रोज थोडं थोडं वर येत होतं.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्या घरात सुकट भाजल्याचा वास पडद्यांना असायचा. तुमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. अवीनं माझ्याशी लग्न ठरवलं तेव्हा तुम्ही विरोध केला नाहीत, उलट आईंना तुम्हीच समजावलंत असं मला अवीनं सांगितलं. तरीही माझ्या घरी तुम्ही कधी पोटभर जेवला नाहीत. गणपतीला, दिवाळीला, मुलांच्या वाढदिवसाला यायचात, टेबलाशी बसायचात, चमचाभर आमटी घ्यायचात. "छान झालीय. आज जरा पोट जड आहे." नाहीतर चतुर्थी. नाहीतर उशिरा नाश्ता झालेला. इतकी वर्षं एका बाईचं पोट सणावारीच कसं जड होतं? जात हा शब्द आपण दोघींनी एकमेकींसमोर कधी उच्चारला नाही. मी मात्र तो तुमच्या प्रत्येक चमच्यात ऐकला.

आणि तरीही मला इथल्या हायवेवर गाडी चालवायला तुम्हीच शिकवलंत. अवीनं दोन दिवसांत हात टेकले होते. तुम्ही ऑफिस सुटल्यावर यायचात, शेजारी बसायचात आणि मी घाबरून रडले तरी एक्झिट घेऊ द्यायचा नाहीत. "समोरचा सिग्नल देतोय म्हणजे तो वळणारच आहे असं धरू नकोस. चाक वळलं की मग विश्वास ठेव." मी अजून चाकाकडेच बघते. माझे ह्या देशातले पाय तुम्ही जमिनीवर रोवलेत, ताई. म्हणून तर तो चमचा मला जास्त लागायचा. परक्या बाईनं नाही खाल्लं तर मी कशाला मनाला लावून घेतलं असतं?

आता वाथीची गोष्ट. बेटाच्या टोकाला शांत खाडी, पाण्याला लागून झाडांखाली टेबलं. दारात कुणी उभं नव्हतं. आत हाक मारली तरी कुणी येईना, म्हणून तुम्ही खूश. शेवटी एक मुलगा आला आणि मेन्यू नाही म्हणाला. "आत चला, बघा काय आहे, सांगा." तिथल्या जुन्या खानावळींत अशी पद्धत आहे, गिऱ्हाईकानं सरळ स्वयंपाकघरात जायचं आणि भांड्यांत डोकावून हवं ते सांगायचं. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. सगळं आयुष्य ज्या देशाची वाट बघितली तो सापडावा तशा तुम्ही पर्स माझ्याकडे देऊन आत गेलात.

आणि आलाच नाहीत. ब्रेड आला, पाणी आलं, अवीनं ऑलिव्ह संपवले. तुम्ही नाही. मी बघायला उठले.

आत जाडजूड आजीबाई एकेक झाकण काढून तुम्हाला दाखवत होत्या. एका भांड्यात बोकडाचं मटण रटरटत होतं. त्याच्या शेजारी टोमॅटोतल्या शेंगा. ओव्हनमधून काढलेलं मातीचं मडकं होतं, त्यात रात्रभर शिजलेले काबुली चणे, नुसता कांदा, तेल आणि तमालपत्र घातलेले. तिथे ते रविवारीच करतात. आणि तुम्ही, कुमुदताई, ओट्याला टेकून, हातात ताटली घेऊन, उभ्यानं ते चणे खात होतात. चाखत नव्हतात, खात होतात. आजीबाईंनी विचारलंही नाही, अजून एक डाव वाढला. ज्या डावानं शेजारचं मटण ढवळलं तोच नसेल कशावरून? तुम्ही तो बघितलासुद्धा नाहीत.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जेवण कसंबसं उरकलं. अवी आणि इशा पाण्यात पाय सोडायला गेले आणि आपण दोघी बसस्टॉपवरच्या झाडाखाली उरलो, तेव्हा मी विचारलंच.

"ताई, मटणाच्या भांड्याशेजारचं तुम्हाला चालतं?"

"काय झालं न चालायला?"

"माझ्याकडे चालत नाही ते."

तुम्ही पर्समधून रुमाल काढलात आणि परत ठेवलात. तुम्हाला प्रश्न समजला होता, वेळ काढत होतात. "सुजाता," तुम्ही म्हणालात, "त्या बाईनं मला आत घेतलं. झाकणं काढून दाखवली. तू मला तुझ्या स्वयंपाकघरात कधी येऊ दिलंस?"

"तुम्ही माहेरवाशीण. तुम्हाला काय ओट्याशी उभं करू? माझ्या आईनं मला तसं शिकवलं नाही."

"आले की दारातच सुरू करतेस. या, बसा. बसा ताई, मी आणते. उठले की परत बसा. मला वाटलं, हिला माझा हात हिच्या भांड्यांना लागलेला नको असेल." मग तुम्ही म्हणालात, "दारात उभं राहून 'या, बसा' करणाऱ्याकडे मी जेवत नाही. तुला तर पाठ आहे."

"म्हणजे मी त्या बंदरावरच्या वेटरसारखी?"

"तू चिडू नकोस. मला सासरी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभं राहून जेवायची सवय लागली. तेवढंच माझं माझं जेवण असायचं. ताट मांडून कुणी समोर बसलं की मला घास जात नाही. परीक्षा दिल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात बस आली. इशा ओल्या पायांनी धावत आली आणि आपल्या दोघींच्या मधल्या सीटवर बसली. विषय तिथेच राहिला.

मी तुमच्यावर विश्वास ठेवला का? तेव्हा नाही. परतीच्या विमानात मी तुमचं वाक्य उलटून पालटून बघत होते. उत्तर फारच व्यवस्थित होतं. टेस्टिंगवाल्या बाईला चूक दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये सापडणार, स्वतःच्या थोडीच सापडणार? मला वाटलं, खरं कारण झाकायला तुम्ही सासरची गोष्ट पुढे केलीत. मग वाटलं, खोटं बोलायचं असतं तर तुम्ही सासरचं नाव काढलं नसतंत. इतक्या वर्षांत एकदाही काढलं नव्हतंत.

आणि मीही तुम्हाला सगळं कुठे सांगितलं? मी तुम्हाला आत येऊ देत नव्हते ते नुसतं आईनं शिकवलं म्हणून नाही. आलात तर झाकणं उघडाल, मीठ कधी घातलंस विचाराल, फ्रीजमधल्या बांगड्यांकडे बघून न बघितल्यासारखं कराल, याचा मला धसका होता. आणि वरच्या कपाटाचंही सांगितलं नाही. त्या कपाटात मी लग्नापासून वेगळी भांडी ठेवली होती, ज्यांना मासळी कधी लागलेली नाही. तुम्ही येणार असलात की स्टूल घेऊन ती काढायची, तुमचा स्वयंपाक त्यांत करायचा आणि तुम्ही गेल्यावर पुसून परत वर. अवीलाही माहीत नव्हतं. तुम्ही एकदा जरी आत डोकावला असतात तर तुम्हाला दिसली असती. सांगितलं असतं तर उपकार केल्यासारखं झालं असतं, म्हणून नाही सांगितलं. आता वाटतं, बसस्टॉपवर तेवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला?

दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा मी ठरवलं होतं. आज 'आत या' म्हणायचं. दार उघडलं, तुम्ही चपला काढल्यात, माझ्याकडे बघितलंत, जरा जास्तच वेळ बघितलंत. आणि माझ्या तोंडून निघालं, "या ताई, बसा." सवयच ती. तुम्ही बसलात. चमचाभर आमटी घेतलीत. "छान झालीय." आपण दोघी एकमेकींकडे बघून हसलो, पण ते हसू कशाचं हे मी विचारलं नाही. पुढच्या वेळी म्हणू, असं वाटलं. मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

दहाव्याचं पान आमच्या बॅकयार्डात ठेवलं. गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. अवीनं फोन खुर्चीला टेकवून ठेवला होता. स्वयंपाक मी केला, वरच्या कपाटातल्या भांड्यांत. वरण-भात, वडे, खीर, तुमच्या आवडीची अळूची भाजी. इशा म्हणाली, "मामी, आई ना त्या चिकपीजबद्दल सारखी बोलायची. कॅन यू मेक दोज?" म्हणून आदल्या संध्याकाळी चणे ओव्हनमध्ये ठेवले होते. कावळा आमच्या भागात फारसा फिरकत नाही. ग्रॅकल मात्र उदंड, ते काळे, लांब शेपटीचे, पिवळ्या डोळ्यांचे पक्षी. किराणा दुकानांच्या पार्किंग लॉटमध्ये ते माणसांच्या अंगावर ओरडत असतात. गुरुजी म्हणाले, चालेल.

एक ग्रॅकल कुंपणावर येऊन बसला. पानाकडे बघितलं. मान तिरकी करून परत बघितलं. आला नाही. इशा रडवेली झाली. "आई, मी नीट जेवीन. प्रॉमिस." तो हलला नाही. अवी म्हणाला, "ताई, इशाची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." तो पंख साफ करत बसला. गुरुजी फोनमधून म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून पानाला शिवून घेऊ, शास्त्रात तशी सोय आहे.

मला इतका राग आला तुमचा. मेल्यावरसुद्धा? शेवटचं पानसुद्धा चमचाभरच? मी नीट मांडलेल्या त्या पानाकडे बघितलं. मीठ डाव्या हाताला, लिंबू, मधोमध भाताची मूद, वर तूप. पाहुणीला वाढतात तसं वाढलं होतं मी.

"गुरुजी, थांबा जरा," मी म्हणाले. पान उचललं आणि बाजूला ठेवलं. अवी म्हणाला, "अगं, काय करतेस?" मी स्वयंपाकघराचं बॅकयार्डाकडचं सरकतं दार पूर्ण उघडलं. चण्यांचं भांडं आणून उंबऱ्याशी ठेवलं, झाकण काढलं, आत डाव तसाच राहू दिला. मग मागे झाले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. वरच्या कपाटाचं दार मी सकाळपासून उघडंच ठेवलं होतं.

ग्रॅकल उतरला. पायऱ्यांवरून चालत आला, उडत नाही, चालत. भांड्याशी थांबून आत बघितलं. मग मान वर करून माझ्या स्वयंपाकघरात बघितलं, ओटा, शेगडी, कपाट. आणि भांड्यात चोच घालून एक चणा उचलला. तो गिळला आणि दुसरा उचलला.

"मामी, इज दॅट... झालं का?" इशानं हळूच विचारलं.

मला माहीत आहे, ताई, ग्रॅकल काय वाटेल ते खातो. पार्किंग लॉटमधले सांडलेले फ्राईजसुद्धा सोडत नाही. तुम्ही असता तर हेच म्हणाला असतात आणि मला त्याच्यावर संशय आहेच. पण तो तिथे उभ्यानं खात होता तोवर मी काही बोलले नाही. या म्हटलं नाही. बसा म्हटलं नाही.